सोनौलीच्या अलीकडे

ती बाई माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसायला तयार नव्हती. नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता नावागावासकट विसरलो आहे, पण तिचं ते उभं राहणं अजून जसंच्या तसं दिसतं.

"बसा," म्हटलं तर म्हणाली, "मी बसले तर तुमीबी बसून ऱ्हाताल. उठा साहेब. माझी पोरगी परदेशात चाललीया."

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीच्या एका टोकाला द्राक्षबागा आणि टोमॅटोचे ट्रक, तर दुसऱ्या टोकाला सह्याद्रीची कड आणि भातखाचरं. ही बाई त्या दुसऱ्या टोकाची, घाटघरच्या बाजूच्या एका वाडीतली. सकाळच्या पहिल्या एसटीने आली होती. ठाणे अंमलदाराने तिला आधी समजावलं होतं, की मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने गेली आहे, फोनही करते आहे, मग बेपत्ताची नोंद कशी करायची? त्यावर तिने त्याला दिलेलं उत्तर त्याने मला येऊन सांगितलं आणि मगच मी तिला आत बोलावलं. ती म्हणाली होती, "आज ती हरवलेली नाय. कुठं हाय ते मला ठावं हाय. तिथनं पुढं गेली की हरवंल. मंग तुमी नोंद करताल व्हय?"

या प्रकरणातल्या कुणाचंही खरं नाव मी लिहिणार नाही. मुलीला आपण चंदा म्हणू. आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन वर्षभरात माहेरी परत आलेली. नारायणगावजवळ द्राक्षांच्या पॅकिंगच्या शेडवर कामाला जायची. तिथेच बाजारपेठेत एक दुकान होतं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पॅनकार्ड, विमानाची तिकिटं, सगळं एकाच ठिकाणी. दुकानदार बोलायला गोड. वर्षातून एकदा तो काशी, अयोध्या आणि नेपाळ अशी यात्रेची बस काढायचा. जुन्नर-आंबेगावातली म्हातारी माणसं त्या बसने जायची आणि परत येऊन त्याचं कौतुक करायची.

चंदा त्याच बसमधून गेली होती, स्वयंपाकाला मदतनीस म्हणून.

"मग काळजी कसली?" मी विचारलं. "बस दोन आठवड्यांत परत येईल."

तिने कनवटीची गाठ सोडली आणि कानातल्या दोन बारीक फुल्या टेबलावर ठेवल्या. "जाताना ह्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. तिकडं सोनं चालत नाय म्हनली. देवाला जाताना कुनी कान मोकळं ठिवतं का? आन निघताना म्हनली, आये, यंदाची लावनी तुमीच उरका, माझी वाट बघू नका. साहेब, आता वैशाख चाललाय. लावनीला अजून किती टाइम हाय! यात्रंची बस लावनीपोत्तर येत न्हाई व्हय?"

पोलिसाला पुरावा लागतो हे खरं, पण पुराव्याच्या आधी लागते ती अशी एक विसंगती. माणूस खोटं बोलताना मोठ्या गोष्टी नीट जुळवतो, पण रोजच्या जगण्यातलं काहीतरी जुळवायचं राहून जातं. चंदाने आईला यात्रा सांगितली, पण निरोप मात्र लांबच्या प्रवासाचा घेतला.

आणि मला एक गोष्ट आठवली. या मुलीला मी पाहिलं होतं.

काही महिन्यांपूर्वी ती पासपोर्टच्या पडताळणीसाठी ठाण्यात आली होती. हे काम रोजचं असतं. अर्जदार कागद घेऊन येतो, हवालदार राहण्याचा पुरावा बघतो, गुन्हे आहेत का ते तपासतो, आणि अहवाल जातो. त्या दिवशी मी सहज तिथे उभा होतो. हवालदाराने विचारलं, "कुठं जायचंय?" ती पाठ केल्यासारखी म्हणाली, "पर्यटन." डोंगरातल्या मुलीच्या तोंडी तो शब्द जरा वेगळा वाटला. पण फिरायला जाण्याचा हक्क सगळ्यांना आहे, तिच्यावर कसला गुन्हा नव्हता, पत्ता खरा होता. अहवाल रीतसर गेला, पासपोर्ट रीतसर आला. त्यात नियमाबाहेरचं काही नव्हतं.

"तो पासपोर्ट कुठं आहे?" मी आईला विचारलं.

"ते निळं पुस्तक? पोस्टमन घिऊन आला आन दुसऱ्या दिशी दुकानवाला येऊन घिऊन गेला. म्हनला, संबाळून ठिवतो."

इथे वाचकांसाठी थोडं स्पष्ट करायला हवं, कारण सगळं प्रकरण या नियमांवरच उभं आहे. भारतीय माणसाला नेपाळात जायला पासपोर्ट लागत नाही. मतदार ओळखपत्र दाखवलं तरी चालतं. सीमेवरच्या सोनौलीसारख्या नाक्यावर रोज हजारो माणसं पायी इकडून तिकडे जातात. आखाती देशात नोकरीला जायचं असेल तर मात्र पासपोर्ट आणि व्हिसा तर लागतोच, शिवाय दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर तशी नोंद असते. अशा माणसाला नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. घरकामाला जाणाऱ्या बाईसाठी वयाचीही अट आहे. मुंबईच्या विमानतळावर ही नोंद तपासली जाते आणि परवानगी नसेल तर माणूस तिथूनच परत येतो. हे नियम गरिबाला अडवण्यासाठी केलेले नाहीत. परदेशात बंद दाराआड अडकलेल्या बायकांच्या कहाण्यांतून ते आलेले आहेत. पण जिथे दार असतं तिथे ते टाळून जायची वाट शोधणाराही असतो. जमिनीवरून नेपाळात शिरायचं, तिथून विमान पकडायचं, ही त्यांतली एक वाट.

आठवी शिकलेली मुलगी, दुसऱ्याच्या ताब्यातला पासपोर्ट आणि नेपाळला निघालेली बस. मला काय वाटलं ते उघड आहे. पण वाटण्यावर गुन्हा दाखल होत नाही.

मी दुकानदाराला चौकशीसाठी बोलावून घेतलं. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. आल्याआल्या सगळ्यांना नमस्कार केला, शिपायाला नावाने हाक मारून त्याच्या घरची खुशाली विचारली. त्याला पाणी दिलं आणि मी फक्त एवढंच म्हणालो, "तुमची यात्रेची बस कुठवर पोचली?"

"आज गोरखपूरला मुक्काम आहे साहेब. उद्या सकाळी सोनौली, मग नेपाळ. आणि नेपाळला पासपोर्ट लागत नाही साहेब, मतदान कार्डावर जातात सगळे. माझं सगळं कायद्यात आहे राव."

मी पासपोर्टचा शब्दही काढला नव्हता.

चौकशीबद्दलची एक गोष्ट मी नेहमी नव्या मुलांना सांगायचो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं तर ते लिहून ठेवा. माणूस ज्या प्रश्नाची घरून तयारी करून येतो, तोच त्याला सगळ्यात जास्त टोचत असतो.

"चंदा नावाची मुलगी आहे का बसमध्ये?"

"आहे की. सैपाकाला नेलीय. गरीब घरची, म्हटलं तेवढंच देवदर्शन घडंल."

"तिचा पासपोर्ट?"

"तिचा तिच्यापाशी. मी फक्त फॉर्म भरून दिला होता. ते माझं दुकान आहे साहेब, रोज फॉर्म भरतो."

आई बाहेर बाकावर बसली होती. (अखेर ती बसली होती, पण चहा घेतला नव्हता.) ती सांगते पासपोर्ट याने नेला, हा म्हणतो मुलीकडे आहे. एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द. दुकानदाराला मी बसवून ठेवलं. चंदाला थेट फोन करावा तर तिच्या शेजारी बसचा मॅनेजर असणार. तो सावध झाला तर बसमधून उतरवून तिला दुसऱ्याच वाटेने नेणार. मला बसमधलं एक विश्वासाचं माणूस हवं होतं.

ते माणूस आमच्याच ठाण्यात निघालं. म्हणजे आमच्या एका हवालदाराची सासू निघाली. तो हवालदार दारात घुटमळत होता. शेवटी आत येऊन म्हणाला, "साहेब, त्या बशीत आमच्या मामी हायेत." घोडेगावच्या पलीकडच्या गावच्या, घरची बागायत, तीन सुनांवर राज्य करणाऱ्या. त्यांना सगळेजण मामी म्हणत, आणि त्या दोन दिवसांत मीही म्हणू लागलो.

हवालदाराने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून असा काही आवाज आला, की मला वाटलं बसमधले सगळे ऐकत असणार.

"काय वं पावणं! समदी बरी हायती ना?"

"मामी, जरा हळू बोला. एकट्याच हाय का?"

"एकटी कशानं? धरमशाळंत हाय, शंभर मानसं हायती."

"जरा बाहेर या. कुणाला सांगू नका."

मग पावलांचा आवाज, कुठेतरी नळ वाहतोय, आणि आता मामी इतकी हळू बोलू लागली की फोन कानाला लावावा लागला. मी सांगितलं की मी साहेब बोलतोय, एका मुलीविषयी विचारायचंय.

"चंदी व्हय? मला वाटलंच कायतरी हाय. आवं, सैपाकाला आनली म्हनत्यात आन कांदा चिरू देत न्हाईत तिला! मी म्हनलं, पोरी, जरा भाकरी थाप. तर त्यो मॅनेजर म्हनतो, नको, हात भाजला तर मेडिकलला अडचन येईल. आता यात्रंत कसलं आलंय मेडिकल?"

"मामी, मॅनेजरजवळ निळं पुस्तक आहे का? सोनेरी सिंहाचं चित्र असतं."

"हाय की. त्याच्या कमरंच्या पिशवीत. काशीत खोल्या घेताना समद्यांची कारडं काढली तवा ते खाली पडलं. चंदीचा फोटू व्हता. मी उचलून दिलं त्याला."

हे पुरेसं होतं. मी आत आलो, दुकानदारासमोर बसलो आणि आवाज अजिबात न चढवता म्हणालो, "नेपाळला पासपोर्ट लागत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. बरोबर?"

"बरोबर साहेब."

"मग चंदाचा पासपोर्ट तुमच्या मॅनेजरच्या कमरेला कशाला बांधलाय?"

आधी त्याने पंख्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मी थांबलो. चौकशीत गप्प बसणं हे प्रश्न विचारण्याइतकंच काम करतं, फक्त ते जमायला वर्षं जातात.

"चुकून राहिला असंल," तो म्हणाला.

"आणि मेडिकल?"

परदेशी नोकरीआधी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचा हा प्रश्न ऐकून मात्र त्याचा चेहरा उतरला. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवण्याचा सरकारी परवाना त्याच्याकडे नव्हता, हे मी तोवर तपासून घेतलं होतं. परवानाधारकांची माहिती कुणालाही वेबसाइटवर बघता येते. ती त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा तो बोलू लागला. सीमेपलीकडे एक माणूस थांबणार होता. तो चंदाला काठमांडूला नेणार, तिथून फिरायच्या व्हिसावर आखातात. चंदाला सांगितलं होतं हॉस्पिटलात आया म्हणून काम आहे. प्रत्यक्षात एका घरात स्वयंपाक, धुणी आणि मुलं सांभाळायची होती. किती तास, कुणाच्या घरी, सुट्टी कधी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, पुढचं पुढचे बघतात. आपण फक्त सीमेपर्यंत."

मी नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण या वाक्याइतका संताप मला फार थोड्या वेळा आला आहे.

आईची फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला, दुकानदाराला अटक केली. वरिष्ठांना कळवलं. एक उपनिरीक्षक आणि आमची महिला हवालदार लगेच निघाले, पण पुण्याहून गाडी धरून गोरखपूर गाठायला वेळ लागणार होता आणि बस दुसऱ्या सकाळी सीमेवर असणार होती. सोनौलीच्या ठाण्याशी बोललो, गुन्ह्याची प्रत मेलवर पाठवली. तिथला अधिकारी भला माणूस होता. त्याने अडचण सरळ सांगितली. "मॅनेजरला मी धरतो. पण साहेब, मुलगी सज्ञान आहे. ती जर म्हणाली की मी माझ्या मर्जीने चालले, मतदान कार्ड माझ्याजवळ आहे, तर तिला मी कोणत्या नियमाने थांबवू? मॅनेजर मागे राहील आणि ती पलीकडच्या माणसाबरोबर पुढे जाईल. मी मॅनेजरला गाठेपर्यंत पासपोर्ट त्या माणसाच्या हातात पोचलेला असेल."

बरोबर होतं त्याचं. सगळ्या कागदांपेक्षा आता एकच गोष्ट महत्त्वाची होती, ती म्हणजे चंदाची मर्जी.

सकाळी मी ठाण्यातच होतो. आई रात्रीपुरती आमच्या महिला शिपायाच्या घरी राहून उजाडताच हजर झाली होती. मामीचा फोन आला. बस सोनौलीच्या अलीकडे रांगेत उभी होती. नेपाळात गाडी न्यायची तर तिथल्या परवान्याचं काम असतं, त्यासाठी ड्रायव्हर आणि मॅनेजर खिडकीवर गेले होते. मामीने चंदाला पाय मोकळे करायच्या निमित्ताने खाली आणलं होतं. "ही घ्या," ती म्हणाली, "पन साहेब, पोरगी लई तापलीया."

चंदाचा आवाज अगदी स्पष्ट होता. घाबरलेला नव्हता.

"साहेब, मला परत बोलावू नका. मी काय चोरी केली नाय."

"नाही केलीस. तुला कुणी चोर म्हणत नाही."

"मंग? नांदायला गेले ते घर वंगाळ निघालं. परत आले तर वाडीत समदी दुसरं लगीन कर म्हनत्यात. आईबी म्हनती. मला हॉस्पिटलात काम मिळतंय, मी जानार. तुमाला पटंल न पटंल."

आई शेजारीच उभी होती. तिने फोन हिसकावायला हात पुढे केला. मी तो बाजूला केला. आईचं रडणं आणि साहेबाचा हुकूम या दोन्ही गोष्टी त्या मुलीने घर सोडतानाच गृहीत धरल्या होत्या आणि त्यांच्यासाठी तिची उत्तरंही तयार होती. दुकानदाराने काय कबूल केलं ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी पोलीस. तुमी मारून कायबी वदवून घेताल." तिचा अविश्वास खोटा म्हणता येत नव्हता. डोंगरातल्या माणसांना येणारा आमचा अनुभव नेहमीच चांगला नसतो.

तेव्हा मी म्हणालो, "चंदा, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. एक काम कर. तुझा पासपोर्ट तुझा आहे. त्यावर तुझं नाव आहे, तुझा फोटो आहे. मॅनेजर आला की त्याच्याकडे माग. एवढंच म्हण, माझं पुस्तक माझ्या हातात द्या. त्याने दिलं तर तू जा, मी आडवा येणार नाही. नाही दिलं, तर तूच ठरव. सीमेच्या अलीकडे जो माणूस तुझं पुस्तक तुला देत नाही, तो पलीकडे गेल्यावर देईल का?"

ती म्हणाली, "आन दिलं तर खरंच जाऊ देताल?"

"शब्द आहे."

शब्द तर देऊन बसलो. मॅनेजरने पुस्तक दिलं असतं तर? पण लोभी माणसाला मी ओळखून होतो. ज्या वस्तूच्या जोरावर तो दुसऱ्याला धरून ठेवतो, ती वस्तू तो घटकाभरही हातातून सोडत नाही.

मामीने फोन बंद केला नाही. तो तसाच चालू ठेवून पदराखाली धरला असावा. पुढचं सगळं आम्ही ठाण्यात टेबलाभोवती उभं राहून ऐकलं. ट्रकचे हॉर्न, कुणीतरी हिंदीत ओरडतंय, मग मॅनेजरचा आवाज, "चला बसा, झालं काम." आणि चंदा.

"माझं पुस्तक द्या."

"कसलं पुस्तक?"

"पासपोर्ट. माझ्यापाशी ठिवते."

"पलीकडं गेल्यावर देतो. बस आत."

"आत्ता द्या. माझा हाय."

"तुझा? फॉर्म कुणी भरला? चार बुकं शिकली नाय आन पासपोर्ट मागती! बस म्हनलं ना." आणि पुढे एक शिवी.

त्यानंतर काही धडपड ऐकू आली. माझ्या शेजारी आईने टेबलाची कड घट्ट धरली होती. मग मामीचा मूळचा, खणखणीत आवाज आला.

"हात सोड रं तिचा! सोड म्हनते!"

आणि चंदाचा, तितकाच मोठा, "मी येत न्हाई. माझं पुस्तक दिल्याबिगर मी हिथनं हलत न्हाई."

ती रस्त्यातच बसली. ते आम्हाला नंतर कळलं. बसच्या पुढच्या चाकाशी, भर उन्हात, मांडी घालून बसली. मामी तिच्या शेजारी बसली. मामी बसली म्हणून तिच्या गावच्या दोघी बसल्या. मग काय झालं आहे हे न समजताही बसमधले एकेक यात्रेकरू खाली उतरून बसू लागले. मॅनेजर हात जोडून विनवत होता, की बसा हो आत, दर्शनाची वेळ चुकेल. एका आजोबांनी त्याला सांगितलं, "पोरीचं पुस्तक दे, मंग दर्शन." मागे गाड्यांची रांग लागली, नाक्यावरचे जवान धावत आले, आणि त्यांच्यामागे आमच्या फोनची वाट बघत थांबलेला तो ठाण्याचा अधिकारी. मॅनेजर कमरेची पिशवी झाडाआड टाकायच्या बेतात सापडला. सीमेपलीकडचा माणूस गर्दी बघून पसार झाला. तो आम्हाला शेवटपर्यंत मिळाला नाही.

आमचं पथक दुपारनंतर पोचलं. मॅनेजरला तिथल्या न्यायालयाकडून ताब्यात घेऊन आणलं. चंदाला महिला हवालदाराने आणलं. मामी मात्र परत आली नाही. ती म्हणाली, "आता एवढी आलीया तर पशुपतीनाथ करूनच येती."

चंदा ठाण्यात आली तेव्हा आईने तिला मिठी मारली नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. आईने कनवटीतून फुल्या काढल्या आणि पुढे केल्या. चंदाने घेतल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," म्हणाली, आणि माझ्याकडे वळली.

"साहेब, मला परत आनलं, बरं केलं. आता खरा रस्ता सांगा."

"कसला रस्ता?"

"जायाचा. मला जायाचंच हाय. त्यो खोटा व्हता, तर खरा कुठला?"

मला आभाराची अपेक्षा नव्हती, पण हेही अपेक्षित नव्हतं. माझ्या दृष्टीने मुलगी सुखरूप घरी आली होती आणि काम संपलं होतं. तिच्या दृष्टीने ती जिथून निघाली होती तिथेच परत येऊन पडली होती, आणि वाडीत आता लोक दुप्पट बोलणार होते. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांगा तिला. चोरून जान्यापरीस सांगितलेलं बरं."

मग मी सांगितलं. दहावी पास झालीस तर पासपोर्टवरची ती नोंद निघते. काम शीक, कुणी परदेशात पाठवतो म्हणाला तर आधी परवाना बघ, आणि पासपोर्ट कुणाच्याही हातात ठेवू नकोस. ती प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून घेत होती. पासपोर्ट मुद्देमाल म्हणून जप्त होता. तो मिळायला तिला न्यायालयात अर्ज करावा लागला. त्या दिवशी तिने तो हातात घेतला, उघडून स्वतःचा फोटो बघितला आणि ब्लाउजमध्ये आत ठेवला. सरकारी वकील हसले. ती हसली नाही.

बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून ती दहावीला बसली. पहिल्या वेळी गणितात राहिली. आईने लावणीला तिला बोलावलं नाही. "अभ्यास कर," म्हणाली. दुसऱ्या वेळी पास झाली. मग पुण्यात रुग्णसेवेचा अभ्यासक्रम आणि एका दवाखान्यात नोकरी.

खटल्याचं म्हणाल तर दुकानदार जामिनावर सुटला. तारखा पडत राहिल्या. मी निवृत्त झालो तरी साक्षीला जातो. नेपाळची वाट एका माणसाला अडवल्याने बंद झालेली नाही, हेही मला माहीत आहे.

पण या प्रकरणाने माझी एक सवय मोडली. आम्ही पोलीस माणसाला परत आणतो आणि फाइल बंद करतो. घर सोडून निघालेलं माणूस फसवलं गेलं असेल, पण ते मूर्ख असतंच असं नाही. त्याला जायचं असतं आणि त्या जाण्यामागे कारण असतं. त्याला नुसतं घरी पोचवलं तर पुढच्या एजंटाचं काम आपण सोपं करतो. नंतरच्या नोकरीत अशा मुली ठाण्यात आल्या की मी आधी विचारायचो, तुला काय करायचं आहे? उत्तर ऐकायला वेळ लागतो. पण पुन्हा शोधायला जावं लागलं तर त्याहून जास्त वेळ लागतो.

निवृत्तीनंतर एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे गर्दीचा गलका होता.

"साहेब, वळाखलं का? घाटघरच्या बाजूची." चंदाची आई होती. मुंबईच्या विमानतळाबाहेरून बोलत होती. चंदाला परवाना असलेल्या कंपनीमार्फत परदेशातल्या हॉस्पिटलात काम लागलं होतं. दारावरच्या जवानाने तिचा पासपोर्ट बघून तो तिच्याच हातात परत दिला, हे आईने मला दोनदा सांगितलं.

मी विचारलं, "रडलात का?"

"रडायला काय झालं? पोरगी सांगून गेलीया."